उसात जन्मलेल्या बिबट्याला कोणत्या जंगलात पाठवणार?

प्रति,
मा. मंत्री व मा. सचिव,
वन विभाग, जलसंपदा विभाग आणि ऊर्जा विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी माझी साडेचार एकर बागायत आहे. माध्यमिक शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालो आणि आता मुलाबरोबर शेती पाहतो. बिबट्याविषयीचे पत्र वन खात्याला लिहायचे असते हे मला माहीत आहे. आमच्या ग्रामपंचायतीने तशी कितीतरी लिहिली आहेत. हे पत्र मी मुद्दाम तीन खात्यांच्या नावे लिहीत आहे. बिबट्या आमच्या शिवारात ज्या वाटेने आला ती वाट कालव्याने काढली, उसाने झाकली, आणि रात्रीच्या विजेने आम्हाला त्याच वाटेवर नेऊन उभे केले. यातले एकच काम वन खात्याच्या अखत्यारीबाहेरचे असते तर मी गप्प बसलो असतो, तिन्ही आहेत.

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड आणि जांबूत परिसरात तीन आठवड्यांत तीन माणसे बिबट्याच्या हल्ल्यात गेली. त्यांत दोन लहान मुले होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला, बंदोबस्त आला, पिंजरे आले, एक बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. त्या दिवसांत त्या भागातल्या बाया गळ्यात खिळे ठोकलेले पट्टे बांधून खुरपायला जात होत्या. असे पट्टे मी लहानपणी धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात पाहिले होते. त्यानंतर शासनाकडून ज्या घोषणा झाल्या त्यांचा सूर एकच होता : बिबटे पकडू, दुसरीकडे हलवू, काही माद्यांची नसबंदी करू, जंगलात शेळ्या सोडू म्हणजे ते जंगलातच राहतील. या सगळ्यामागे एक समजूत आहे, की बिबट्या हा जंगलातून वाट चुकून आलेला पाहुणा आहे आणि त्याची परत पाठवणी करता येईल. माझी तक्रार या समजुतीविरुद्ध आहे, कारण चुकीच्या समजुतीवर काढलेला उपाय आम्हालाच भोवतो आणि तो एकदा भोवलेला आहे.

माझ्या वडिलांच्या काळात आमचे शिवार जिरायत होते. बाजरी, मटकी, हुलगा, कुठे करडई. घोड नदी उन्हाळ्यात कोरडी पडायची आणि बायका वाळूत झिरे उकरून पाणी भरायच्या. माळ इतका उघडा होता, की वेशीजवळ उभे राहिले तर पलीकडच्या गावचे देऊळ दिसे. त्या माळाचा धनी लांडगा होता. मेंढरांच्या वाड्यावर तो यायचा, कोकरू उचलायचा, धनगर शिव्या देत मागे धावायचे. बिबट्या त्या काळी ऐकून माहीत होता. तो पश्चिमेकडचा, भीमाशंकरच्या आणि माळशेजच्या डोंगरातला. आदिवासी पट्ट्यात वाघबारस करतात, वाघोबाला नैवेद्य दाखवतात, असे आम्ही ऐकायचो. आमच्याकडे वाघोबा नव्हता, कारण वाघाला लपायला हातभर आडोसाही नव्हता.

मग कुकडी प्रकल्प आला. येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे अशी पाच धरणे झाली, कालवे निघाले, नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे बसले आणि त्यांच्या फुगवट्यावर मोटारी चढल्या. हे पाणी आम्हाला हवे होते, आजही हवे आहे. त्या पाण्याने माझी मुले शिकली. पण पाण्याबरोबर ऊस आला आणि दहा-पंधरा वर्षांत जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरचा नदीकाठ सलग हिरवा झाला. लांडगा माळाबरोबर मागे हटला. त्याची जागा ज्याने घेतली त्याला उघडा माळ नको असतो, आडोसा हवा असतो.

भूगोलाचा मास्तर म्हणून आपल्यापुढे थोडा हिशेब मांडतो. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लागतो आणि सोळा ते अठरा महिने उभा राहतो. बिबट्याच्या मादीचा गर्भकाळ साधारण तीन महिन्यांचा असतो आणि पिल्ले तिच्यामागे दीड-दोन वर्षे फिरतात. म्हणजे एका लागणीच्या उसात गाभण राहण्यापासून पिल्ले हिंडती-फिरती होईपर्यंत बहुतेक सगळे उरकते. एक फड तुटला तरी शेजारी खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, उभा असतोच. सरीत बारमाही पाणी, डोक्यावर सावली, माणसाची वर्दळ महिन्यातून चार दिवस. भक्ष्य म्हणावे तर वस्तीवस्तीला कुत्री, उकिरड्यावर डुकरे, उघड्या गोठ्यात कालवडी आणि शेळ्या, ओढ्यात टाकलेल्या पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या. डोंगरातल्या मादीला भेकर मिळवायला जेवढी पायपीट करावी लागते, तिच्या पावपटही आमच्याकडे लागत नसेल.

2023 च्या डिसेंबरात माझ्या उसाची तोड चालू होती. तिसऱ्या दिवशी सकाळी टोळीतल्या एका बाईने कोयता टाकून आरोळी दिली. पाचटात दोन पिल्ले होती, मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेले, एक दुसऱ्याच्या पोटाखाली डोके खुपसून बसलेले. तोड थांबवली. वनरक्षक आले, त्यांनी पिल्ले टोमॅटोच्या क्रेटमध्ये ठेवली, वरून पाचट पसरले, तो क्रेट जिथल्या तिथे ठेवून कॅमेरा लावला आणि आम्हा सर्वांना घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी चित्रण मोबाईलवर दाखवले. अंधार पडून तासभरही झाला नव्हता तोच मादी आली, पंजाने पाचट बाजूला केले, एक पिल्लू मानेला धरून उचलले आणि गेली. अर्ध्या तासाने येऊन दुसरे नेले. ती कुठे गेली हे ठशांवरून आम्ही पाहिले. बांध ओलांडून दोनशे पावलांवर माझ्या चुलतभावाचा खोडवा आहे, त्यात. भीमाशंकरचे जंगल तिथून पन्नास किलोमीटरच्या पुढे आहे. त्या दोन पिल्लांचे मूळ गाव कोणते धरायचे, हे आपल्या खात्यातील कोणी मला सांगावे. त्या रात्री वनरक्षकांनी जे केले ते उत्तम केले, हेही नोंदवतो. या पत्राचा रोख रात्रीबेरात्री मोटारसायकलवर धावणाऱ्या त्या मुलांवर नाही.

हे मी एकटा सांगत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतात कॅमेरे लावून अभ्यास केला आणि तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे जंगल नाही, मोठे रानटी भक्ष्य नाही आणि दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात, अशा त्या खोऱ्यात दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीत निघाले, की खाण्यातला 87 टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा होता आणि त्यात कुत्री एकटी 39 टक्के. म्हणजे ही गोष्ट केव्हाच कागदावर आलेली होती. तरीही 2024 मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी अंदाजात महाराष्ट्राचे 1,985 बिबटे सांगितले गेले, ती मोजणी मुख्यतः जंगलांची होती. आमच्या शिवारातले बिबटे त्या आकड्यात आहेत की नाहीत याचाच पत्ता नसेल, तर किती पकडायचे आणि कितींची नसबंदी करायची हे कोणत्या पायावर ठरते?

पकडून दुसरीकडे सोडण्याच्या उपायाचे काय झाले हे तर जुन्नर वनविभागाच्या इतिहासातच आहे. फेब्रुवारी 2001 ते डिसेंबर 2003 या काळात इथे 103 बिबटे पकडले गेले आणि त्यांतले 29 सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले गेले. त्यापूर्वी, 1993 पासून, या विभागात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते. ही मोहीम सुरू झाल्यावर सरासरी 17 वर गेली. कारणे समजायला अवघड नाहीत. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर बिथरते, आपल्या ठिकाणाकडे परतू पाहते, वाटेत वस्त्या लागतात. आणि इकडे रिकाम्या झालेल्या हद्दीत दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी, येऊन बसतो. 2009 मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या एका वयस्क नराला बाहेर काढून, गळ्यात माग काढणारा पट्टा बसवून माळशेज घाटात सोडले होते. अभ्यासकांनी त्याचे नाव आजोबा ठेवले. तो माळशेजला राहिला नाही. सुमारे 120 किलोमीटर चालत तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे पोहोचला आणि या प्रवासात त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. दोन वर्षांनी महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो गेला. जे जनावर चालत घाट उतरून मुंबई गाठते, त्याला तालुक्याच्या सीमा पाठ करायला लावणे कोणत्याही खात्याच्या हाती नाही. जंगलात शेळ्या सोडण्याच्या कल्पनेवर मी जास्त लिहीत नाही; आमच्या उसातला बिबट्या त्या शेळ्यांसाठी डोंगर चढून जाईल असे मला वाटत नाही, आणि शेळ्या मात्र गुराख्याशिवाय संध्याकाळी खाली उतरतील.

आता ऊर्जा विभागाकडे वळतो, कारण माझ्या घराला सर्वांत जवळची भीती तिथून येते. आमच्या फीडरला, म्हणजे शिवाराला वीज पुरवणाऱ्या वाहिनीला, शेतीची थ्री फेज वीज एक आठवडा दिवसा मिळते आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीत मुलगा साडेनऊला जेवतो, गमबूट घालतो, एका हातात बॅटरी आणि एका हातात फावडे घेऊन निघतो. दारे धरायची म्हणजे वाकावे लागते. सरीतून सरीत पाणी वळवताना माणूस कमरेत मोडलेला असतो, आणि अंधारात वाकलेला माणूस बिबट्याला माणसासारखा दिसत नाही, चौपायासारखा दिसतो. हे वाक्य आपल्याच खात्यांच्या जनजागृतीच्या पत्रकांत छापलेले असते : एकट्याने रात्री शेतात जाऊ नका, वाकून काम करू नका. पत्रक शासनाचे आणि रात्रीची वीजही शासनाच्याच कंपनीची. गेल्या माघात मुलगा पाणी बदलून बांधावर आला तेव्हा वीस-पंचवीस फुटांवर बॅटरीच्या झोतात दोन डोळे चमकले. तो उभा राहिला, मोबाईलवर मोठ्याने गाणे लावले, आणि ते जनावर कंटाळल्यासारखे उठून उसात शिरले. घरी येऊन तो हसत सांगत होता. त्याची आई रात्रभर ओसरीवर बसून होती. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनीची योजना 2017 पासून आहे, तिची दुसरी आवृत्तीही निघाली. ज्या फीडरवर बिबट्याने माणसे मारली ते फीडर त्या योजनेत सर्वांत आधी घ्यावेत, एवढे साधे प्राधान्य ठरवायला कोणते संशोधन लागते?

ऊसतोड कामगारांविषयी कोणी लिहीत नाही, म्हणून दोन ओळी. बीडकडून आलेल्या टोळ्या फडाच्या कडेला कोप्या घालतात. कोपीला दार नसते, पाचटाचा आडोसा असतो. पहाटे चारला आईबाप फडात जातात आणि दोन-तीन वर्षांचे मूल आत गोधडीत झोपलेले असते. संडास नाही, दिवा नाही. मेंढपाळांच्या वाड्याचीही तीच गत. माणूस मेला तर शासन 25 लाख रुपये देते. ही रक्कम कमी आहे असे मी म्हणत नाही, पण त्यातल्या काही हजारांत एका कोपीला आधीच दार आणि सौर दिवा बसला असता, हे मनातून जात नाही.

जनावरांच्या भरपाईबद्दल थोडक्यात. आमची एक कालवड गेली, पंचनामा झाला, पैसे सात महिन्यांनी आले. ज्या कार्यालयात मी चार खेपा घातल्या तिथल्या कारकुनाने कागद अपुरे असल्याचे दर वेळी नव्याने सांगितले. दुधावर चालणाऱ्या घराला सात महिने फार होतात, आणि उशीर झाला की माणसे मेलेल्या जनावरावर विष टाकायचा विचार करू लागतात. तसा विचार बोलून दाखवणारे मी ऐकले आहेत.

आमच्या बाजूचे दोषही लिहितो, नाहीतर हे पत्र अर्धवट राहील. घराच्या भिंतीला टेकवून ऊस आम्हीच लावला आहे. शाळेच्या पाणंदीला दोन्ही बाजूंनी ऊस, मधून पोरे चालतात. तो ऊस गावकऱ्यांचा आहे, शासनाचा नाही. उकिरडा उघडा आम्ही ठेवतो, मेलेल्या कोंबड्यांचे पोते ओढ्यात आमच्यातलाच कोणी फेकतो. पिंजऱ्यात अडकलेल्या जनावराभोवती मोबाईल घेऊन दगड मारणारी गर्दीही आमचीच असते. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी घरालगतच्या सहा सऱ्या मोडल्या आणि आता तिथे कांदा आणि भुईमूग घेतो. उसाइतका पैसा त्यात हुकमी नाही. पण संध्याकाळी नात अंगणात खेळत असते तेव्हा पन्नास फूट पलीकडचे दिसते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

ऊर्जा विभागाने जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर तालुक्यांतील नदीकाठच्या शेती फीडरना येत्या गळीत हंगामाआधी दिवसाची थ्री फेज वीज द्यावी आणि कोणत्या फीडरला कोणत्या महिन्यात मिळणार याची यादी ग्रामपंचायतींत लावावी. ही माझी पहिली मागणी आहे आणि बाकी एकही मान्य झाली नाही तरी ही व्हावी.

वन विभागाने नुसता बिबट्या दिसला म्हणून पिंजरा लावणे आणि पकडलेला बिबट्या दुसऱ्या गावच्या हद्दीत सोडणे थांबवावे. गावकरी दबाव आणतात, आमदार फोन करतात, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच नियम लेखी हवा. मात्र ज्या जनावराने माणसावर हल्ला केला आहे आणि कॅमेरा, ठसे किंवा नमुन्यांच्या तपासणीवरून ते ओळखू आले आहे, त्याच्याबाबत वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 11 खालचा, म्हणजे त्याला पकडण्याचा किंवा मारण्याचा, निर्णय दिवसांत नव्हे तर तासांत व्हावा. ज्या घरातले मूल गेले त्या घराला संवर्धनाचे आकडे सांगत बसणे मला जमणार नाही आणि आपणही तसे करू नये. माणिकडोहच्या निवारा केंद्रात किंवा राज्याबाहेर जे बिबटे गेले त्या प्रत्येकाची तारीख, पकडल्याचे ठिकाण, नर की मादी, अंदाजे वय आणि ओळखीसाठी अंगात बसवलेल्या चिपचा क्रमांक लोकांना पाहता येईल अशा नोंदवहीत असावा. नसबंदी करायची असेल तर आधी शेतशिवारातील बिबट्यांची कॅमेऱ्याने स्वतंत्र मोजणी करावी. मोजके प्रायोगिक प्रयत्न जरूर व्हावेत, पण त्यांची घोषणा उपाय म्हणून करू नये.

गोठ्याला जाळी आणि दार बसवण्यासाठी अनुदान द्यावे आणि ते अल्पभूधारक, शेळीपालक महिला आणि मेंढपाळ यांच्यापासून सुरू करावे. साखर कारखान्यांच्या गाळप परवान्यात टोळ्यांसाठी बंद होणारे निवारे, दिवे आणि संडास यांची अट घालावी. साखर आयुक्तालयाला सांगण्याचे काम आपल्या तिन्ही खात्यांनी मिळून करावे. घर, शाळा आणि पाणंद यांच्यापासून ठरावीक अंतरापर्यंत ऊस न लावणाऱ्या शेतकऱ्याला त्या पट्ट्याचा मोबदला मिळावा. आम्ही तो ठराव ग्रामसभेत आणायला तयार आहोत.

जलसंपदा विभागाला माझे मागणे एवढेच, की यापुढे एखाद्या जिरायत पट्ट्यात नवीन पाणी नेताना तिथली पीकरचना बदलल्यावर कोणती जनावरे येतील आणि कोणती जातील याचा अंदाज वन विभागाकडून लेखी घ्यावा. संगमनेर, निफाड, कराड या भागांत जे झाले ते आमच्यासारखेच झाले. पूर्वेकडे अजून जिथे माळ आहे, मेंढ्या आहेत आणि लांडगा आहे, तिथल्या लोकांना निदान आधी कळू द्या.

या पत्राचे उत्तर मला व्यक्तिशः नको. आमच्या ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर पाठवावे, ते ग्रामसभेत वाचून दाखवले जाईल. आडसालीच्या लागणी जुलैत सुरू होतात, त्यापूर्वी आले तर कोणत्या बांधापर्यंत ऊस न्यायचा हे आम्हाला ठरवता येईल. सोमवारपासून आमच्या फीडरला पुन्हा रात्रीची पाळी आहे.

आपला,
घोडकाठचा एक शेतकरी व निवृत्त शिक्षक